खांदा बरोबर, तरी बोल्ट अडतो: रीसायझिंग डाय आणि चेंबर यांचं माप जुळवणं

माळरान (धागाकर्ता):

माझ्याकडे .३०८ विंचेस्टरच्या दोन बोल्ट रायफली आहेत आणि फुल लेंग्थ रीसायझिंग डाय (झाडलेली केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, आवळून पुन्हा मापात आणणारा साचा) एकच. पहिल्या रायफलीच्या केसेस त्या डायमधून काढून कितीही वेळा भरल्या तरी काही तक्रार नाही. दुसरीच्या पहिल्या फेऱ्या सुरळीत जातात, पण तिसऱ्या भरणीपासून बोल्टचा दांडा उचलताना अगदी वरच्या टोकाला अडतो आणि 'कट्' आवाज होऊन सुटतो. बंद करताना मात्र काहीच जाणवत नाही.

दोन्हींच्या केसेस वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, आपसात मिसळत नाही. कंपॅरेटर (कॅलिपरला लावायचं मापक) लावून खांदा, म्हणजे धड मानेकडे निमुळतं होतं तो भाग, मोजतो आणि झाडलेल्या मापापेक्षा दोन थाऊ मागे बसवतो. (नवीन वाचकांसाठी: एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.) दोन्ही रायफलींचं हेडस्पेस (बंद बोल्टपासून केस चेंबरमध्ये जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर) सारखं नाही, म्हणून डायखालची शिम, म्हणजे पातळ चकती, बदलतो. केसची लांबी २.००५ इंचावर ट्रिम केलेली आहे. दारू मॅन्युअलमधल्या किमान आणि कमाल चार्जच्या साधारण मध्यावर.

खांदा जागेवर आहे, लांबी जागेवर आहे. मग अडतंय कुठे?

सागवान:

आधी प्रेशरची शंका पूर्ण फिटवा. बुडावर इजेक्टरच्या (केस बाहेर फेकणाऱ्या बोल्टमधल्या खिट्टीच्या) भोकाचा चकचकीत ठसा उमटतोय का? प्रायमरच्या (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) कडा सपाट होऊन खाचेत भरल्यासारख्या दिसतात का? नवा प्रायमर बसवताना खाच सैल लागते का? यातलं एक जरी 'हो' असेल तर डायचा विषय बाजूला ठेवा आणि चार्ज कमी करा. बोल्ट जड उठणं ही प्रेशरची जुनी ओळखीची खूण आहे, ती डायच्या नावावर खपवू नका.

माळरान:

सागवान, हे तपासूनच धागा काढला. ठसा नाही, प्रायमरच्या कडा गोल आहेत, खाचा घट्ट आहेत. त्याच लॉटची दारू, तीच बुलेट, तोच चार्ज नव्या केसमध्ये भरला तर बोल्ट अलगद उठतो. जुन्या केसमध्येच अडतो.

दुसरी_खूण:

डाय अजून पाव फेरा खाली घ्या. डायसोबतच्या कागदावर तेच लिहिलेलं असतं: शेलहोल्डरला (केस डायमध्ये ढकलणाऱ्या प्रेसवरच्या, बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवा आणि आणखी पाव फेरा खाली. केस लहान झाली की अडणं थांबेल.

शांतश्वास:

दुसरी_खूण, इथे मी ठामपणे विरोध करते. कागदावरचं वाक्य असं लिहिलेलं असतं की निघालेलं काडतूस कुठल्याही रायफलीत बसावं. माळरानांना ते एका विशिष्ट चेंबरमध्ये बसवायचंय.

आकडे बघा. डायचा आट्यांचा भाग सात अष्टमांश इंच व्यासाचा, इंचाला चौदा आटे. एक पूर्ण फेरा म्हणजे इंचाचा चौदावा भाग, ७१ थाऊच्या वर. पाव फेरा म्हणजे जवळपास १८ थाऊ. शेलहोल्डर मध्ये आल्यामुळे ते सगळे खांद्यापर्यंत पोचत नाहीत, बरेचसे प्रेसचा ताण काढण्यात जातात, पण त्यातले पाच-सहा थाऊ जरी खांद्याला लागले तरी केस चेंबरमध्ये पुढे-मागे खेळते. झाडताना फायरिंग पिन केसला पुढे ढकलते, मान आणि धड भिंतीला चिकटतं, प्रेशर वाढलं की बूड मागे बोल्टवर आदळतं. हा ताण बसतो जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथे. दर फेरीला तिथलं पितळ थोडं ताणलं जातं, बाहेरून चकचकीत पट्टा दिसू लागतो आणि एक दिवस केस तिथून दोन तुकडे होते. उघडलेल्या पेपरक्लिपचं टोक किंचित वाकवून मानेतून आत घाला आणि भिंतीवरून बुडापासून वर ओढत आणा. टोक खळग्यात अडखळलं तर ती केस भंगारात.

बोल्ट रायफलीला खांदा एक ते दोन थाऊ मागे पुरतो. सेमी-ऑटोला तीन-चार द्यावे लागतात, कारण तिथे बोल्ट बंद करायला हाताचं बळ नसतं. माळरानांचे दोन थाऊ योग्य आहेत. खांद्याला हात लावू नका.

कातकाम:

बऱ्याच वर्षांपासून लेथवर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण रीसायझिंगबद्दल बोलताना खांद्याची उंचीच धरून बसतो, कारण ती डाय वर-खाली करून बदलता येते. पण डाय केसला तीन जागी गाठते: मान, खांदा आणि धड. धडाचा व्यास स्क्रू फिरवून बदलत नाही. डाय कापताना रीमरने (भोक मापात कापणाऱ्या हत्याराने) जो व्यास दिला तो दिला.

चेंबर एका रीमरने कापलेलं असतं, डाय दुसऱ्या. नवा रीमर मोठं भोक पाडतो. धार गेली की तो घासून पुन्हा लावतात, तसा तो लहान होत जातो, आणि माप खालच्या हद्दीला टेकलं की बाद करतात. म्हणजे एकाच कंपनीची एकाच मॉडेलची दोन चेंबरं सारखी असतीलच असं नाही, आणि एकाच पेटीवरचं नाव असलेल्या दोन डायसुद्धा नाहीत. सगळ्या मानकाच्या हद्दीत असतात, तरी सारख्या नसतात. सामीच्या (SAAMI, काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) आराखड्यात .३०८ विंचेस्टरच्या काडतुसाचा बुडाजवळचा, म्हणजे मागच्या टोकापासून .२०० इंचावरचा, व्यास जास्तीत जास्त .४७०९ इंच आहे आणि त्याच जागी चेंबर कमीत कमी .४७१४. अर्ध्या थाऊचं अंतर! म्हातारा रीमर वापरून कापलेलं घट्ट चेंबर आणि कोऱ्या रीमरने कापलेली सैल डाय एकत्र आली की डाय त्या केसला बुडाजवळ जेमतेम शिवते.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांत हे कळत नाही, कारण बुडाजवळची भिंत जाड असते आणि ती एकदम फुगत नाही. दर झाडणीला थोडी थोडी फुगते. डाय तिला परत आणत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीला ती चेंबरच्या भिंतीला टेकलेली राहते. बंद करताना जाणवत नाही, कारण आत जाताना केस अजून भिंतीपेक्षा किंचित लहान असते. झाडल्यावर मात्र परत आक्रसायला जागाच उरत नाही. आणि आवाज वरच्या टोकालाच का? बोल्टचा दांडा उचलताना शेवटच्या टप्प्यात एका उतारावरून बोल्ट मागे सरकतो आणि केसला पहिली ओढ देतो. रुतलेली केस तिथेच सुटते. तुमचा 'कट्' तो.

आता मोजा. व्हर्निअर नको, मायक्रोमीटर घ्या. व्हर्निअरच्या जबड्याखाली निमुळत्या केसवर एक थाऊ सहज हरवतो. प्रत्येक रायफलीच्या, दोन-तीनदा झाडलेल्या आणि अजून डायमध्ये न घातलेल्या काही केसेस घ्या. .२०० इंचावर खूण करा आणि तिथला व्यास घ्या, केस थोडी फिरवून दुसरा घ्या, कारण केस पूर्ण गोल नसते. मग खांद्याच्या जरा खाली तेच करा. नंतर डायमधून काढून त्याच खुणांवर पुन्हा. फरक इथे लिहा.

माळरान:

कातकाम दादा, आज शांतपणे मोजलं. बुडाजवळचं माप, सरासरी:

पहिली रायफल: झाडलेली .४७१७, डायनंतर .४६९७. फरक दोन थाऊ.
दुसरी रायफल: झाडलेली .४७०३, डायनंतर .४६९८. फरक अर्धा थाऊ.

खांद्याजवळ दोन्हींत दोन थाऊच्या वर फरक आहे. म्हणजे दुसरीचं चेंबर बुडाशी घट्ट आणि डाय तिथपर्यंत नीट पोचत नाही. बरोबर ना?

कातकाम:

अगदी बरोबर. माझ्या अनुभवात बुडाजवळ दीड ते अडीच थाऊ फरक पडला की केस सुखाने ये-जा करते. एक थाऊच्या आत आला की आज ना उद्या अडणारच. आणि चार-पाच थाऊ आवळली तर पितळ विनाकारण पुढे-मागे होऊन लवकर थकतं. पहिल्या रायफलीला ही डाय जवळपास बेतून दिल्यासारखी बसली आहे, तिला तीच ठेवा. दुसरीला वेगळी हवी.

निळी_पाखर:

मग स्मॉल बेस डाय (बुडाजवळ नेहमीपेक्षा जास्त आवळणारी) घ्यायला काय हरकत आहे? मी सेमी-ऑटो .३०८ला तीच वापरते आणि कधी अडचण आली नाही. इतरत्र तिच्याबद्दल बोलताना लोक असं बोलतात की ती पितळाचा नाश करते.

शांतश्वास:

पाखरताई, नाश फुगलेल्या चेंबरमध्ये होतो. चेंबर बुडाशी सैल असेल तर स्मॉल बेस डाय केसला दर फेरीला नको तितकी आवळते आणि झाडताना ती परत तितकीच फुगते. माळरानांच्या पहिल्या रायफलीत मी ती कधीच घालू देणार नाही. दुसरीच्या .४७०३ला मात्र ती एक-दीड थाऊ जास्त आवळून बरोबर जागी आणेल. डाय चांगली की वाईट हे चेंबर बघितल्याशिवाय सांगताच येत नाही.

घेण्याआधी एक करा: विकणाऱ्याला किंवा ओळखीच्या रीलोडरला तुमच्या झाडलेल्या केसेस द्या आणि त्यांच्या डायमधून काढून मोजून मागा. दुसऱ्या बनावटीची साधी फुल लेंग्थ डायसुद्धा कधी कधी हवी तेवढी घट्ट निघते, आणि तसं असेल तर स्मॉल बेसची गरज नाही. अजून अचूक हवं असेल तर काही डाय बनवणारे झाडलेल्या केसेस पाठवल्या की त्या मापाची डाय कापून देतात. नवी बॅरल बसवतानाच चेंबर रीमरच्या आराखड्यावरून डायचा रीमर ठरवला तर सगळ्यात उत्तम.

पितळपारखी:

चर्चा धडावर आली आहे तर खांद्याबद्दलची एक गोष्ट राहून जायला नको, कारण ती समजली नाही की माणूस डाय उगाच बदलत बसतो.

डाय वर ठेवून केस अर्धवट सायझ केली की खांदा मागे जाण्याऐवजी पुढे जातो! डायच्या भिंती आधी धडाला आवळतात, आवळलेलं पितळ वर सरकतं आणि खांदा अजून डायच्या खांद्याला टेकलेला नसतो, म्हणून तो मोकळा वर जातो. कंपॅरेटरवर केस झाडलेल्या मापापेक्षा दोन-तीन थाऊ लांब दिसते. बोल्ट बंद करताना अडतो. डाय थोडी खाली घेतली की खांदा टेकतो आणि माप परत खाली येऊ लागतं.

म्हणून मी असं करतो. बोल्टमधली फायरिंग पिनची जोडणी आणि इजेक्टर काढून ठेवायचे. मग झाडलेली केस आत घालून दांडा सोडायचा. केस बोल्टला अडवत नसेल तर दांडा आपल्या वजनाने खाली पडतो, अडवत असेल तर मध्येच थांबतो. डाय मुद्दाम वर ठेवून सुरुवात करायची आणि दर वेळी पाच अंश खाली फिरवायची. या आट्यांवर पाच अंश म्हणजे जवळपास एक थाऊ. केस थोडी थोडी आत जाते, दांडा आधी अर्ध्यावर थांबतो, मग पाऊण, मग बोटाच्या हलक्या टेकूने बसतो, आणि एका ठिकाणी स्वतःच खाली येतो. ते चेंबरचं खरं माप. तिथून एक थाऊ खाली जाऊन लॉक रिंग (डायची उंची पक्की करणारी कडी) आवळायची. कंपॅरेटरचा आकडा तेव्हा लिहून ठेवा, पण तो तुलनेपुरताच: दुसऱ्याच्या कंपॅरेटरशी जुळेलच असं नाही. मोजण्याआधी झाडलेला प्रायमर काढून टाका, पिनच्या खड्ड्याची कड वर आलेली असली तर माप खोटं येतं. आणि मानेतून एक्सपांडर बॉल (मान आतून फुगवून मापात आणणारा डायमधला गोळा) ओढून झाल्यावरच मोजा. कोरड्या मानेतून बॉल ओढला तर तो खांदाही वर खेचतो. मानेच्या आत जरासं वंगण लावा.

सागवान:

पितळपारखी, माझ्या प्रेसवर डाय शेलहोल्डरला घट्ट टेकलेली दिसते आणि केस घातली की वरच्या टोकाला बारीक फट दिसते. ही फट म्हणजेच सगळा घोळ का?

पितळपारखी:

हो, प्रेसचा ताण. केस आत गेली की प्रेसची चौकट आणि जोड थोडे ताणतात. फट सगळ्या केसेसना सारखी असेल तर काही बिघडत नाही, पण कडक झालेल्या केसला जास्त पडते आणि मऊ केसला कमी, मग खांद्याची मापं विखुरतात. उपाय म्हणजे टेकवूनच काम करायचं आणि उंची शेलहोल्डरने ठरवायची. रेडिंगचे पाच शेलहोल्डरांचे संच याचसाठी असतात. नेहमीच्या .१२५ इंचाच्या उंचीपेक्षा दोन, चार, सहा, आठ आणि दहा थाऊ उंच. सर्वात उंचापासून सुरू करून एकेक उतरत यायचं. प्रेसचा दट्ट्या वरच्या टोकाला चार-पाच सेकंद धरून ठेवला तरी मापं जवळ येतात. आणि केसेस सात-आठ फेऱ्या झाल्या असतील तर मानखांद्याचं अनीलिंग करा, म्हणजे तापवून मऊ करा. वारंवार आवळून-फुगून कडक झालेलं पितळ डायमधून निघाल्यावर जास्त उसळतं, त्याला डाय कितीही चांगली असली तरी काय करणार? बुडाला उष्णता लागता कामा नये, बूड मऊ झालं की ती केस रायफलीत घालण्यालायक राहत नाही.

गवताळ_कडा:

मी या सगळ्याला वळसा घालून फक्त मान सायझ करतो. चेंबरच्या आकाराचीच केस राहते, मग जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही.

शांतश्वास:

उरतो, फक्त पुढे ढकलला जातो. फक्त मान आवळली की धड आणि खांदा दर फेरीला चेंबरच्या जवळ जवळ जातात आणि शेवटी फुल लेंग्थ डाय काढावीच लागते. मग काही केसेस घट्ट, काही सैल, काही मध्ये. मला दर वेळी थोडंसं, पण सारखं सायझ केलेलं ब्रास हवं. माझं मत स्पष्ट आहे: चेंबरला जुळलेली फुल लेंग्थ डाय असेल तर दर वेळी फुल लेंग्थच.

मानेसाठी बुशिंग डाय (मान आवळणारी कडी, म्हणजे बुशिंग, बदलता येणारी) घ्या. भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्यापेक्षा दोन थाऊ लहान बुशिंग. .३३७ मान असेल तर .३३५. साधी डाय बहुतेक ब्रासची मान गरजेपेक्षा बरीच जास्त आवळते आणि मग बॉलने परत फुगवते. मानेचा तडा तिथूनच सुरू होतो. आणि झाडलेल्या केसच्या मानेत नवी बुलेट हाताने सोडून पाहा. ती सरळ आत पडली पाहिजे. अडकली तर चेंबरच्या मानेत जागा कमी आहे, बुलेट सुटताना मानेला फुलायला वाव नाही आणि प्रेशर उगाच चढतं. तशी काडतुसं झाडू नका.

जुनी_नळी:

यात लष्करी जुन्या रायफलींचा मुद्दा वेगळा आहे, तो नोंदवून ठेवतो. .३०३ ब्रिटिश ही काठाची (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) केस आहे, हेडस्पेस काठावर ठरतं, खांद्यावर नाही. ली-एन्फील्डची चेंबरं युद्धात चिखल-मातीतही चालावीत म्हणून खांद्यापुढे भरपूर मोकळी ठेवलेली असतात. नवी केस झाडली की खांदा पुढे फुगून येतो. डाय शेलहोल्डरला टेकवून सायझ केली की तो परत जुन्या जागी. हे चार-पाच वेळा झालं की केस बुडापाशी तुटते, आणि लोक रायफलीला दोष देतात. ली-एन्फील्ड नंबर ४ रायफलीला ० ते ३ असे चार आकारांचे बोल्टहेड (बोल्टचं बदलता येणारं पुढचं टोक) मिळतात, पण ते काठापुरतंच हेडस्पेस सुधारतात, खांद्यापुढची पोकळी तशीच राहते.

इथे उपाय उलटा आहे: डाय वर ठेवा, झाडलेल्या खांद्यालाच टेकू द्या. पहिल्या झाडणीला काठापुढे रबरी ओ-रिंग अडकवली तर केस बोल्टला चिकटून राहते आणि ताण बुडाऐवजी खांद्यावर जातो. पट्ट्याच्या (बुडाजवळ उंच कडं असलेल्या) मॅग्नम केसेसनाही हेच तत्त्व लागू, .३०० विन मॅगला पट्टा विसरून खांद्यावरच डाय लावा. त्यांत पट्ट्याच्या लगेच पुढे फुगवटा राहतो जिथे साधी डाय पोचत नाही, त्यासाठी वेगळी कॉलेट डाय मिळते.

निळी_पाखर:

कातकाम दादा, झाडलेल्या केसवरून चेंबर कळतं हे मान्य, पण पितळ उसळतं, मग चेंबरचं खरं माप कसं काढायचं?

कातकाम:

डाय जुळवायला झाडलेली केसच पुरते, चेंबरचा आकडा माहीत नसला तरी चालतं. तरी हवंच असेल तर सेरोसेफ वापरतात. बिस्मथचा मिश्रधातू, ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो. नळीत चेंबरपुढे बोळा घालून ओततात. थंड झाल्यावर आधी आक्रसतो, म्हणून सहज बाहेर येतो, आणि ओतल्यापासून तासाभराने चेंबरच्या मापावर येतो. तेव्हाच मोजायचं. तसाच ठेवला तर फुगत जातो आणि २०० तासांनी दर इंचामागे अडीच थाऊ मोठा होतो. कालचा ओतीव तुकडा आज मोजून डाय मागवली तर ती चुकीचीच येणार.

माळरान:

दुसऱ्या बनावटीची साधी डाय आधी मोजून पाहिली, तिने .४६९४वर आणलं. अजून थोडं कमीच. ओळखीच्यांच्या स्मॉल बेस डायमधून तीच केस .४६८६ निघाली, फरक दीड थाऊच्या वर. तीच घेतली. पितळपारखींच्या पद्धतीने इजेक्टर काढून खांदा नव्याने लावला आणि सायझिंगनंतर लांबी पुन्हा मोजली, कारण आवळलेलं पितळ मानेकडे जातंच: काही केसेस २.०१५च्या पुढे गेल्या होत्या, त्या ट्रिम केल्या. आज चौथ्या-पाचव्या भरणीच्या केसेस झाडल्या. बोल्ट वरच्या टोकाला अडला नाही.

डायच्या लॉक रिंगवर रायफलीचा नंबर कोरून ठेवलाय.

कातकाम:

छान. आता नव्या डायमधून निघालेल्या केसेसची बुडाजवळची मापं पुढच्या दोन-तीन फेऱ्यांना वहीत लिहा. .४६८६ हळूहळू वर सरकू लागलं तर पितळ कडक होतंय, आणि झाडलेलं माप .४७०३च्या वर गेलं तर सागवान म्हणाले तिथे परत जा, चार्ज पाहा.